छोट्या शेतीसाठी जुना ट्रॅक्टर: घेताना आणि सुधारताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासवडजवळ आमचं साडेतीन एकर रान आहे. थोडं अंजीर, थोडं सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा आणि उरलेल्यात ज्वारी-कांदा. आजवर घरात नवा कोरा ट्रॅक्टर आला नाही. जुनेच घेतले, जुनेच दुरुस्त केले, त्यातला एक चुकलाही. त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक ट्रॅक्टर बघायला जाताना मला सोबत नेतात आणि जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझी शेती दोन-तीन एकरच आहे. ट्रॅक्टर घ्यावा का, भाड्यानेच भागवावं?

आधी वर्षाचे तास मोजा. पाच फुटी रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) म्हणजे दीड मीटर रुंदी. ताशी तीन किलोमीटर वेगाने तो तासाला ४,५०० चौरस मीटर फिरतो. एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. वळणं आणि बांधाकडचं थांबणं धरलं तर तासाला पाऊण एकर होतं असं समजा, पूर्ण एकर धरू नका. दोन फाळी पलटी नांगराला एकरी सव्वादोन तास सहज जातात. तीन एकर बागायतीत एक नांगरट, दोन हंगामांचा रोटर, फणणी, सऱ्या, पेरणी आणि थोडी वाहतूक मिळून पन्नास-साठ तास भरतात. नुसता हिशेब केला तर एवढ्यासाठी भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो.

पण शेती तासांवर चालत नाही, वाफशावर चालते, म्हणजे जमिनीतली ओल मशागतीजोगी होण्यावर. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस होऊन रान वाफशावर आलं की अख्ख्या गावाला त्याच तीन दिवसांत ट्रॅक्टर हवा असतो. भाडेवाल्याचा नंबर लागेपर्यंत जमीन आवळते, नाहीतर दुसरा पाऊस येतो. वाटाण्याची पेरणी आठ दिवस मागे गेली तर बाजारभावही हातचा जातो. माझं मत सांगतो: कोरडवाहू दोन एकरांच्या आत असाल तर घेऊ नका. तीन ते सहा एकर बागायत असेल, किंवा शेजारची दोन-तीन रानं करून द्यायची तयारी असेल, तर जुना ट्रॅक्टर परवडतो. कारण त्यात अडकणारी रक्कम नव्याच्या मानाने कमी असते आणि हप्त्याचा फास नसतो.

भावाभावांत मिळून घेतला तर?

चालतं, फक्त पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कोणी किती तास वापरला, तेल कधी बदललं, खर्च कोणी केला, सगळं त्यात यायला हवं. डिझेल ज्याचं काम त्याचं, आणि दुरुस्ती तासांच्या प्रमाणात. आरसीवर नाव एकाचंच लागतं, म्हणून बाकीच्यांचा वाटा साध्या कागदावर का होईना, लिहून सह्या घ्या. ट्रॅक्टरवरून भावकी तुटलेली मी पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी कारण एकच होतं: कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं.

किती एचपीचा घ्यावा?

अवजारावरून ठरवा. नऊ फणांचा कल्टीव्हेटर आणि दोन फाळी पलटी नांगर ओढायचा असेल तर चाळीसच्या पुढे जावं लागतं. पाच फुटी रोटर आणि सात फणांना ३५ ते ४० एचपी पुरतो. तीन-साडेतीन फुटी रोटर आणि पाच फणांचं काम २०-२५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर करतो.

जमीनही बघा. इंदापूर-बारामतीच्या खोल काळ्या रानात उसाचा खोडवा मोडायचा असेल तर जो नांगर पुरंदरच्या मुरमाड जमिनीत ३५ एचपी ओढतो, त्यालाच तिथे पंचेचाळीस लागतात. मावळ-मुळशीत भाताची खाचरं लहान, बांध उंच आणि उतार जास्त. तिथे मोठा ट्रॅक्टर खाचरात उतरवणं हेच संकट. तिथल्या माणसाला मी हलका, छोटा ट्रॅक्टर नाहीतर पॉवर टिलरच सुचवतो.

लोक 'असू दे जरा जास्त ताकद' म्हणून पन्नासच्या पुढे जातात. मग छोट्या तुकड्यात वळताना निम्मा बांध तुडवतात, डिझेल जास्त जाळतात आणि टायर बदलायची वेळ आली की हात आखडतात.

फळबाग आहे. मिनी ट्रॅक्टरच लागेल ना?

द्राक्ष असेल तर हो. ओळींतून ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन जायचा म्हणजे अरुंद ट्रॅक्टर हवाच. अंजीर, सीताफळ, डाळिंबात मात्र आधी टेप घेऊन बागेत जा आणि फांद्या पसरलेल्या असताना दोन ओळींत मोकळी जागा किती उरते ते मोजा. आमच्या अंजिरात साधा ट्रॅक्टर जातो, फक्त सायलेन्सर उभा न ठेवता खाली घ्यावा लागला, नाहीतर फांद्या मोडत होत्या.

जुन्या मिनींमध्ये स्वराज ७१७ आणि महिंद्रा युवराज २१५ हे दोन्ही एका सिलिंडरचे, १५ एचपीचे. फवारणी, आंतरमशागत आणि छोट्या ट्रॉलीला ते चांगले. व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा आहे, त्यामुळे कमी हादरतो. मिनीकडून खोल नांगरटीची अपेक्षा ठेवू नका. वर्षातून एकदा नांगरट भाड्याने करून घ्या आणि बाकी सगळं घरच्या मिनीवर करा. हा मेळ फार चांगला बसतो.

मग जुन्यात कोणतं मॉडेल बरं?

या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारतो: तुमच्या तालुक्याच्या गावात कोणता मिस्त्री चांगला आहे आणि तो कोणत्या ट्रॅक्टरवर वाढला आहे? ज्याचा मिस्त्री दहा किलोमीटरच्या आत आहे आणि ज्याचा क्लच प्लेट-फिल्टर तालुक्याच्या दुकानात फळीवर पडलेला असतो, तो तुमचा ट्रॅक्टर. इंजिन कितीही सरस असलं तरी ऐन हंगामात एका ऑइल सीलसाठी चार दिवस उभा राहणारा ट्रॅक्टर छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही.

आपल्या भागात जुन्यात जास्त दिसतात ते महिंद्रा, मॅसी आणि स्वराज. महिंद्राचे जुने ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घराण्यातले, ती भागीदारी १९६३ ची. २६५ हा ३० एचपीचा, ४७५ हा ४२ चा, ५७५ हा ४५ चा. भाग कुठेही मिळतात. मॅसी १०३५ हा ३६ एचपीचा, तीन सिलिंडरचा. मध्यम रानाला आणि पाच फुटी रोटरला तो चांगला जुळतो. मॅसीत लिफ्टचा (अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचा) पंप मागच्या हाऊसिंगच्या (गिअर-एक्सलच्या घराच्या) पोटात, तेलात बुडालेला असतो, म्हणून ते तेल स्वच्छ आहे का हे बघणं तिथे दुप्पट महत्त्वाचं. स्वराजची बांधणी साधी. त्यांच्या इंजिनांमागे आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं तंत्र आहे. ७४४ हा ४८ एचपीपर्यंत जातो, म्हणून काळ्या रानात त्याला मागणी. स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेली, आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टाफे या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला, त्यामुळे दोन्हींचे भाग अजून चालू आहेत.

आयशर २४२ हा वेगळा गडी. २५ एचपी, एक सिलिंडर, हवेने थंड होणारा. रेडिएटरच नाही, म्हणून पाणी उकळणं, नळी फुटणं हा विषयच नाही. पण सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये धूळ आणि तेलाचा लेप बसला की इंजिन आतल्या आत तापतं आणि ते कळतही नाही. पट्ट्या साफ ठेवणाऱ्यासाठी तीन-चार एकराला हा कमी खर्चाचा ट्रॅक्टर आहे.

एचएमटी दणकट, यात वाद नाही. पण केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. ओळखीचा जुना मिस्त्री असेल तरच त्याच्या वाटेला जा.

मीटरवर ३,२०० तास दिसतात. विश्वास ठेवावा?

नाही. मीटर बदलता येतो, केबल काढून ठेवता येते. तास पायांनी आणि हातांनी लिहिलेले असतात. क्लचच्या पेडलवरच्या रेषा किती झिजल्या, स्टेअरिंगची पकड कुठे गुळगुळीत झाली, लिफ्टच्या हातांची भोकं गोल आहेत की लांबट, ते बघा. ३,००० तासांच्या ट्रॅक्टरचं पेडल आरशासारखं चकाकत नाही.

ट्रॅक्टरने आयुष्य कुठे काढलं हे कसं ओळखायचं?

वयापेक्षा मी यालाच जास्त किंमत देतो.

उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या हूकवरून कळतो. हूकची पिन जिथे बसते ते भोक अंड्यासारखं लांबट झालेलं असतं, आणि त्याच्या आजूबाजूला वेल्डिंगचे थर असतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढून क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल थकलेला असतो. गाळप संपलं की दौंड, शिरूर, इंदापूरकडचे असे ट्रॅक्टर रंग मारून विक्रीला येतात. इंजिन ठीक असलं तरी मागची बाजू मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बोलू नका.

भाताच्या चिखलणीचा ट्रॅक्टर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बघा. एक्सलच्या सीलमधून तेल झिरपून त्यावर माती चिकटून कडक थर झालेला असतो. ब्रेकच्या घरात चिखल गेलेला असतो. हे दुरुस्त होतं, फक्त खर्च किमतीत धरा.

द्राक्षबागेतला ट्रॅक्टर दिसायला देखणा असतो, कारण तो जड काम करत नाही. पण ब्लोअरमुळे पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) वर्षानुवर्षं तासन्‌तास फिरलेला असतो. पीटीओ शाफ्टच्या खाचा बोटाने चाचपा. धार टोकदार लागली तर खाच झिजली आहे. औषधांमुळे मडगार्ड आणि नटबोल्टही आतून खाल्लेले असतात.

पुढे डोझर किंवा लोडर लावलेला असेल तर चेसिसच्या बाजूला मोकळी भोकं, बाहेरून मारलेल्या पट्ट्या आणि वाकलेला पुढचा एक्सल दिसतो. तो मी घेत नाही. भाव कितीही पडला तरी नाही.

बघायला गेल्यावर नेमकं काय करायचं?

सकाळी लवकर जा आणि बोलणी सुरू होण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. हात गार लागला पाहिजे. कोमट लागला तर आपण येण्याआधी इंजिन चालू करून ठेवलं होतं. सरळ सांगा, 'दुपारपर्यंत थांबतो, गार झाल्यावर बघू'. गार इंजिन किती प्रयत्नांत आणि किती धुरात चालू होतं, तिथेच अर्धी परीक्षा होते.

चालू करण्याआधी तीन तेलं बघा. इंजिनाची डिपस्टिक काढून बोटांत तेल चोळा. काळं असणं दोष नाही. दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय, कण लागत असतील तर बेअरिंग झिजतंय. मागच्या हाऊसिंगची डिपस्टिक काढा. तिथे दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा होता आणि गिअर लिव्हरच्या रबरातून पाणी आत गेलंय. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको.

चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून त्यावर तळहात धरा. हलकी फुंकर चालते. धपधप धूर आणि तेलाचे तुषार हाताला आले तर रिंगा झिजल्या आहेत, म्हणजे इंजिनकाम ठरलेलं.

मग चालवा. रस्त्यावर फिरवून आणणं म्हणजे चाचणी नाही. रोटर लावून रानात वीस मिनिटं राबवा आणि तापमानाचा काटा, धूर आणि आवाज तिन्हींवर लक्ष ठेवा. वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच हळूच सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे, नुसतं घुमत राहिलं तर क्लच घसरतोय. उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर गाडी उतरवा आणि गिअर उडतो का बघा. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून दोन्हीकडे वळवून बघा.

लिफ्टसाठी खडू सोबत ठेवा. नांगर किंवा रोटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, लिफ्टच्या हाताशेजारी मडगार्डवर खडूची रेघ मारा आणि दहा मिनिटं चहा घ्या. हात रेघेखाली बोटभर उतरला तर चालवून घेता येतं. अवजार जमिनीला टेकलं तर लिफ्टचं काम आहे. ही रेघ विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मारा, भावात उपयोगी पडते.

शेवटी पुढची चाकं. जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवी हलवा. खेळ जास्त असेल तर किंगपिन-बुश (पुढच्या चाकांचे वळणारे सांधे) गेले. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी जाड दिसली तरी बारा वर्षांचा टायर उन्हाने चिरलेला असतो.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: फिल्टर, नोझल किंवा पंप. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गार असताना थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी जळतंय. ओझ्याखाली क्षणभर काळा धूर मारून लगेच साफ होणारं इंजिन निरोगी.

'इंजिन नुकतंच बांधलंय' म्हणतात. चांगलंच ना?

कोणी बांधलं, काय काय बदललं, बिलं कुठे आहेत, हे विचारा. हाफ इंजिनकामात लायनर-पिस्टन आणि रिंगा बदलतात. फुल कामात क्रँक घासून बेअरिंगही नवी टाकतात. पुष्कळदा हाफ काम फुलच्या नावाने सांगितलं जातं. बिल नसेल आणि मिस्त्रीचं नावही सांगत नसतील तर इंजिन बांधलेलं नाही असंच धरून भाव करा.

कागदपत्रांत काय बघायचं?

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या शिक्क्याशी स्वतः ताडून बघा. रंगाखाली लपला असेल तर घासून काढा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर संस्थेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टर दुसऱ्या आरटीओकडचा असेल, म्हणजे तुम्ही एमएच-१२ चे आणि ट्रॅक्टर एमएच-४२ बारामतीचा किंवा परजिल्ह्यातला, तर एनओसीचा फॉर्म २८ लागेल का ते आरटीओत विचारून ठेवा. परराज्यातला असेल तर एनओसी लागतेच. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते हे बरेच जण विसरतात. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १ एप्रिल २०१९ आधीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायची आहे. महाराष्ट्रात ट्रॅक्टरसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरलेला आहे. ती आधीच बसवलेली असेल तर एक हेलपाटा वाचतो. परवाना हलक्या मोटार वाहनाचा चालतो. कायद्याच्या व्याख्येतच ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर त्यात धरलेला आहे.

नाव न बदलता 'वापरा हो, काही होत नाही' असं सांगणारे भेटतील. अपघात झाला तर हे वाक्य विकणाऱ्यालाही बुडवतं आणि घेणाऱ्यालाही.

पंधरा वर्षं झालेला ट्रॅक्टर भंगारात काढावा लागतो का?

आपल्याकडे नाही. वयावरून डिझेल गाड्या बंद करायचा तो नियम दिल्ली परिसराचा. इथे पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी करून फॉर्म २५ वर नोंदणीचं नूतनीकरण करायचं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. मुदत संपलेला ट्रॅक्टर घेत असाल तर हा खर्च आणि विलंब शुल्क कोणी भरायचं हे आधी ठरवा.

जुन्या ट्रॅक्टरला अनुदान मिळतं का?

नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं यांत्रिकीकरणाचं अनुदान नव्या ट्रॅक्टरला आणि नव्या अवजारांना असतं. म्हणून मी सांगतो, ट्रॅक्टर जुना घ्या आणि रोटर, पलटी नांगर, पेरणी यंत्र यासाठी अर्ज करा. नवा रोटर जुन्या ट्रॅक्टरमागे अगदी नीट चालतो.

घेतल्यावर आधी कशावर खर्च करावा?

रंगावर नाही. स्टिकर, हॉर्न, साउंड सिस्टीम यांवरही नाही.

पहिला खर्च ब्रेक आणि स्टेअरिंगचा. दुसरा तेलं आणि फिल्टर. तिसरा हवेचा मार्ग, आणि त्यावर थोडं थांबून सांगतो, कारण मी यातच मार खाल्ला.

मी घेतलेल्या पहिल्या ट्रॅक्टरचं इंजिन उत्तम होतं. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या बाजूने, क्लिपच्या जवळ, नखाएवढी चीर होती. वरून ती दिसायची नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये रोटर मारला की मागे धुळीची भिंत उभी राहते. ती धूळ एक अख्खा उन्हाळा त्या चिरेतून थेट सिलिंडरमध्ये जात राहिली. दिवाळीपर्यंत इंजिन ऑइल प्यायला लागलं. हेड उघडलं तेव्हा लायनरच्या भिंती काचपेपरने घासल्यासारख्या झाल्या होत्या. शे-दोनशे रुपयांची नळी वाचवली नव्हती, ती बघितलीच नव्हती, आणि त्यापायी अख्खं इंजिन बांधावं लागलं. तेव्हापासून कोणताही जुना ट्रॅक्टर घरी आला की ती नळी आणि क्लिपा आधी बदलतो, मग देवासमोर नारळ फोडतो. ऑइल बाथवाला एअर क्लीनर असेल तर वाटीतलं तेल खुणेपर्यंतच भरा आणि धुळीच्या दिवसांत आठवड्याला तळाचा गाळ काढा.

त्यानंतर डिझेलचे दोन्ही फिल्टर, नोझल तपासणी, लिफ्टच्या पिना-बुश आणि लाइट. जुना डायनॅमो असेल तर अल्टरनेटर बसवणं वसूल होतं. बॅटरी टिकते, रात्री पाण्याच्या पाळीला लाइट मंद होत नाहीत.

पॉवर स्टेअरिंग बसवता येतं का?

येतं. बहुतेक जुन्या चालू मॉडेलांना किट मिळतं: इंजिनावर चालणारा पंप, स्टेअरिंगखाली व्हॉल्व्ह आणि पुढच्या एक्सलवर सिलिंडर. वडील साठीच्या पुढचे असतील, खांदे दुखत असतील, तर मी या खर्चाच्या बाजूने आहे. पण आधी किंगपिन, बुश आणि टाय रॉडचे सांधे बदला. ढिल्या एक्सलवर पॉवर स्टेअरिंग बसवलं तर हाताला ढिलेपणा कळायचा थांबतो आणि चाक निखळेपर्यंत पत्ता लागत नाही. किट तुमच्या मॉडेलचंच घ्या. ब्रॅकेट कापून-जोडून बसवलेलं महिनाभरात गळायला लागतं.

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला रोटर चालतो?

चालतो, पण त्रास समजून घ्या. क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्ही सुटतात. ढेकळात अडकल्यावर गाडी थांबवून रोटर फिरत ठेवता येत नाही. आणि क्लच दाबल्यावरही रोटरचा स्वतःचा फिरण्याचा जोर गाडीला पुढे ढकलतो, बांधाकडे किंवा विहिरीकडे वळताना हे फार धोक्याचं. पीटीओवर ओव्हररनिंग कपलिंग बसवा, तो जोर गाडीपर्यंत पोहोचत नाही. पुढे कधी क्लचकाम निघालंच आणि तुमच्या मॉडेलला ड्युअल क्लचचा जोड मिळत असेल तर तेव्हा करा. मुद्दाम गाडी दोन भागांत उघडण्याइतकं ते निकडीचं नाही.

हायड्रॉलिक पलटी नांगरासाठी वेगळा व्हॉल्व्ह लागतो. तो बाहेरून बसतो. मेकॅनिकल पलटीला त्याची गरज नाही.

पंप वाढवून ताकद वाढवून देतो म्हणाले. करू का?

नको. डिझेल जास्त सोडलं की ताकद थोडी वाढते, काळा धूर खूप वाढतो, आणि पिस्टन, हेड, गिअरबॉक्स हे मूळच्या ताकदीसाठीच बनलेले असतात. खरेदीच्या वेळी पंपावरचं शिशाचं सील तुटलेलं दिसलं तर हा खेळ आधीच झालाय असं समजा आणि पंप लॅबमध्ये नेऊन मापात लावून घ्या.

पकड कमी पडत असेल तर उपाय वेगळा आहे. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरा. १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे दोन्हींत मिळून तीनशे किलो वजन जवळजवळ फुकटात. काळ्या रानात चाक घसरायचं थांबतं आणि डिझेलही वाचतं. यासाठी जुना फोर व्हील ड्राइव्ह शोधायची गरज नाही. त्याच्या पुढच्या एक्सलचे भाग झिजलेले निघाले तर खर्च हाताबाहेर जातो.

सुटे भाग कुठून घ्यावेत?

रोजचे तालुक्यात. न मिळणारे पुण्यात नाना पेठेत शोधा, तिथे वाहनांच्या भागांची दुकानं ओळीने आहेत. जुना भाग पिशवीत घालून न्या. बेअरिंग आणि ऑइल सीलवर नंबर कोरलेला असतो, तो सांगितला की ट्रॅक्टरचं नावही सांगावं लागत नाही. क्लच प्लेट, लायनर-पिस्टन आणि हायड्रॉलिकचे भाग कंपनीचेच घ्या. मडगार्ड, सीट, लाइट बाहेरचे चालतात.

जुन्या ट्रॅक्टरवर सुरक्षेसाठी काय करावं?

स्टार्टरच्या दोन टोकांना पाना टेकवून गाडी चालू करायची सवय घरात कोणालाही लागू देऊ नका. गाडी गिअरमध्ये असेल तर मागचं चाक त्याच माणसावर चढतं. स्टार्टरची किल्ली आणि न्यूट्रल स्विच आधी दुरुस्त करा.

पीटीओ शाफ्टवर गार्ड हवाच. धोतर, साडीचा पदर, ओढणी, बाहीचं टोक, काहीही त्यात एका क्षणात गुंडाळलं जातं. मडगार्डवर लहान मुलं बसवू नका, हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि प्रत्येक घरी लोक हसतात, तरी सांगत राहणार. अडकलेला ट्रॅक्टर ओढून काढताना साखळी नेहमी खालच्या हूकला लावा. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी लावली तर पुढची बाजू उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. उताराच्या भागात रोल बार बसवून घ्या. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावा. सासवड रस्त्याला, नगर रस्त्याला रात्री बिनपट्टीची ट्रॉली दिसतच नाही.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय?

विकणाऱ्याने 'तेल परवाच बदललंय' सांगितलं असलं तरी इंजिन ऑइल, फिल्टर आणि मागच्या हाऊसिंगचं तेल बदला. काढलेलं तेल पांढऱ्या बादलीत घ्या आणि रात्रभर स्थिर ठेवून तळ बघा. चकाकणारी भुकटी थोडी असतेच, पण तुकडे सापडले तर लगेच मिस्त्रीला दाखवा. सगळ्या ग्रीस निपल पुसून ग्रीस मारा, बंद पडलेले निपल बदला.

मग डिझेलची टाकी काठोकाठ भरा, एक तास रोटर मारा, पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर बसलं ते वहीत लिहा. चाळीस-पंचेचाळीस एचपीला ओझ्याखाली तासाला चार ते सहा लिटर लागणं ठीक. हाच आकडा दर हंगामाच्या सुरुवातीला त्याच रानात, त्याच गिअरमध्ये पुन्हा घ्या. लिटर वाढले की फिल्टर, नोझल, टायरची हवा या क्रमाने बघत जा.

वहीचं पहिलं पान तारीख, मीटरचे तास आणि तेलाच्या नावासाठी ठेवा. आमच्या वहीचं ते पान आता ग्रीसने पारदर्शक झालंय, तरी आकडे वाचता येतात.